घोंगडीवरची ज्वारी

ही हकीकत सांगायचं मी आजवर टाळलं. कुणी विचारलं की शाळेच्या अंकात छापलेलंच सांगायचो, गावानं एकमुखानं ठराव केला आणि शाळा उभी राहिली. ते खोटं आहे. गावानं शाळा नाकारली होती. उभी केली ती घाणेवाल्या अव्वानं, आणि नाकारणाऱ्यांत मी होतो.

अव्वा कुणासाठी उठून उभी राहत नसे. पाटील येवोत की तहसिलीचा पेशकार, ती घाण्याशेजारच्या पाटावर बसूनच बोलायची. नवरा तरणाच गेला, तेव्हापासून करडीचा घाणा तिनंच चालवला. आमचं गाव माकणीच्या अलीकडं, कानडी मुलखाच्या कडेला. तिच्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. मला ती ‘तम्मा’ म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. कुणी उद्धट म्हटलं तर उत्तर तयार असे, “गुडघं माझं दुखत्यात. तुमच्या अब्रूला काय दुखतंय?”

निजामाचं राज्य होतं. शाळा तालुक्याला, तीही उर्दू. अव्वानं तहसिलीत खेटे घालून पेशकाराकडून एवढं कबूल करून घेतलं, की निम्म्याहून जास्त उंबऱ्यांनी दर सुगीला खळ्यावरून पायलीभर ज्वारी द्यायचं मान्य केलं, तर मराठी शाळेला परवानगी मिळेल. उंबऱ्यामागं एक मत. पाटील म्हणाले, बाईमाणसाला मत कसलं?

“सारा घेताना बाई म्हणून सोडलाव व्हय?” अव्वानं विचारलं. पेशकारालाही हसू आलं. तिचं मत धरलं गेलं.

पेशकारानं सुचवलं होतं, झाकल्या मडक्यात दाणे टाकू द्या. ज्वारी म्हणजे हो, तूर म्हणजे नाही. अव्वानं ते झिडकारलं. मारुतीपुढं घोंगडी अंथरायची आणि देणाऱ्यानं सगळ्यांदेखत मूठभर ज्वारी टाकायची. झाकून हो म्हणणारा खळ्यावर नाही म्हणतो, हे तिचं म्हणणं. इथंच ती चुकली. आमच्याकडं बैठकीत भावकीतला थोरला उठल्याशिवाय धाकटा उठत नाही. मडक्यात हात घालताना कुणी चुलत्याचं तोंड बघितलं नसतं. घोंगडीपर्यंत चालत जायचं, तर बघावंच लागणार होतं.

मी तिला हे आधीच बोललो होतो. माझं बिऱ्हाड वेगळं झालेलं, म्हणून मलाही मत होतं. ती म्हणाली, “मग तू उठ, तम्मा. एक उठला की मागची उठत्यात.” मी शब्द दिला.

त्या दिवशी सगळ्यांआधी अव्वाच उठली आणि ओंजळ घोंगडीवर रिकामी केली. मागून साळी आले, कुंभार आले. गावकुसाबाहेरची माणसं लांब उभी होती. अव्वानं घोंगडी फरफटत त्यांच्या पायाशी नेली. पाटलांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिनं बघितलंसुद्धा नाही.

मग आमची भावकी राहिली. चुलते मांडी घालून बसले होते, ते बसूनच राहिले. ज्वारी माझ्या धोतराच्या सोग्यात होती. अव्वा माझ्याकडं बघत होती, आणि माझ्या मागची घरंही. मी खाली मान घातली. ठराव पडला.

ज्वारी ज्याची त्याला परत द्या, पाटील म्हणाले. “ही आता शाळेची हाय,” म्हणत अव्वानं घोंगडीची मोट बांधली. त्या ज्वारीत घाण्याची कमाई घालून तिनं नळदुर्गकडचा एक मास्तर आणला. घाण्याच्या खोलीत पोरं बसू लागली. बिनपरवाना शाळा चालते म्हणून तहसिलीचा गिरदावर चौकशीला आला.

“शाळा कुठली, सायब? घाणा हाय. बैल फिरतोय, पोरं बघत्यात.”

त्यानं खोलीला लावायला पिशवीतून कुलूप काढलं, तेव्हा पाटावरून न हलता म्हणाली, “लावा. पर मला आत ठेवून लावा.” कुलूप आलं तसं परत गेलं. पुढं रझाकारांच्या धामधुमीत मोठमोठ्यांची दारं मिटली. घाण्यातले पाढे बंद पडले नाहीत. चुलत्यांचे नातूही तिथंच शिकले. अव्वानं त्यांना दारातून कधी परत लावलं नाही.

निजाम गेला, सरकारी शाळा आली, आणि मी समितीचा अध्यक्ष झालो. उद्घाटनाच्या भाषणात ‘सगळा गाव उठला’ असं म्हणालो. बायकांत बसलेली अव्वा मोठ्यानं हसली. टाळ्यांत ते फार कुणाला ऐकू गेलं नसेल. मला गेलं.

हे वाचून चुलत्यांच्या नातवांना राग येईल. येऊ द्या. वाचता येतंय ते त्या घाण्यामुळंच. शाळेच्या भिंतीवर पाटलांचं नाव कोरलंय, तेही मीच कोरायला लावलं. ते खरवडून काढा, म्हणून मी लेखी कळवलं आहे. म्हातारा चळला म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

शेवटी अव्वा माकणीला लेकीकडं होती. माफी मागायची ठरवूनच मी गेलो. तिला दिसत नव्हतं, आवाजावरून ओळखलं. “पोरी येत्यात का रं शाळंत?” तिनं विचारलं. येतात, म्हणालो. कुणाकुणाच्या, कितवीपर्यंत, सगळं विचारून घेतलं. मग मी आणखी काही बोलेन म्हणून ती माझ्याकडं तोंड करून बसली. लेकीनं चहा आणला. मी तो पिऊन टाकला, तब्येतीला जपा म्हणालो, आणि पायात चपला घातल्या.