सातशे वीस मीटरांचा किलोमीटर

रविवार, ८ फेब्रुवारी २००४, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. किलोमीटर सगळीकडे सारखाच असतो, अशी त्या क्षणापर्यंत माझी समजूत होती. माझ्या मैत्रिणीच्या मामांनी ती मोडून काढली. आणि त्यांच्याइतक्या निःशंक मनाने चुकीचे अंतर मोजणारा दुसरा माणूस जगात असेल, असे मला वाटत नाही.

शाहूपुरीत त्यांचे गुळाचे अडत दुकान. सौद्यांत कमावलेला आवाज ते पहाटे कात्यायनीच्या माळावर घेऊन येत आणि आम्हा पंधरा-वीस जणांना त्याच्या जोरावर पळवत. घड्याळ त्यांनी कधी वापरले नाही. धावणाऱ्याचा वेग ते त्याच्या बोलण्यावरून जोखत. अचानक शेजारी येऊन विचारत, "काल रात्री काय जेवलासा?" आणि उत्तर पूर्ण वाक्यात यावे लागे. एकदा बँकेतले एक अधिकारी नवे बूट घालून सर्वांच्या पुढे निघाले. मामांनी त्यांना गाठून प्रश्न टाकला. "तांबडा..." एवढेच ते म्हणू शकले.

"पांढरा रस्सा म्हणायला दम ऱ्हायला न्हाय सायबांस्नी," मामांनी साऱ्या माळाला ऐकवले. "मागं व्हा, आमच्या मालकीणबाईंसंगं चाला."

मालकीणबाई म्हणजे आमच्या मामी. त्यांच्या हृदयाचे दुखणे निघाल्यापासून डॉक्टरांनी रोज चालण्याची सक्त ताकीद दिली होती, आणि मामींना चालण्याचा मनस्वी कंटाळा. "मी बसते हितंच, तुम्ही या जाऊन," हे त्यांचे रोजचे पालुपद.

वाटेवर दर किलोमीटरला चुना फासलेला दगड होता. सगळे दगड मामांनी स्वतः बसवलेले. मी तेव्हा एम.एस्सी. करत होते आणि दहा किलोमीटर तासाभरात पुरे करायचे ठरवले होते. दगडागणिक लागलेला वेळ मी आलेखावर मांडत असे. रेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ येई; सपाटीवर जो वेग, तोच चढावर. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही संशय आला असता. मी मात्र माझ्या फुफ्फुसांचे कौतुक करत राहिले. अखेर त्या रविवारी सायकलच्या चाकाला फडके बांधले आणि फेरे मोजत दुसऱ्या दगडापासून तिसऱ्यापर्यंतचा चढ चढले.

"मामा, हा किलोमीटर सातशे वीस मीटरांचा आहे."

"चढाचा हाय की त्यो."

"चढावर किलोमीटर लहान होत नाही."

"तुझा हुईत न्हाय. तिचा हुतोय." त्यांनी मागे पाहिले. मामी पदर खोचून, बँकेच्या साहेबांना काहीतरी सुनावत येत होत्या. "तीन झाल्याबिगर माघारी वळायचं न्हाय, असं ठरलंय तिचं. दगड लांब दिसला तर दोनवरच बसंल. आणि तुमचं काय नुकसान हाय? उतारावर भरून काढलंय की."

दगड योग्य जागी हलवू या, असे मी सुचवले. तेव्हा प्रथमच त्यांचा आवाज खाली आला. "पोरी, तुझा तास कुठं पळून जात न्हाय. तिला कळलं, तर उद्यापासनं ती यायची न्हाय."

मी माझ्यापुरती एका बाभळीवर खऱ्या किलोमीटरची खूण केली. आलेख चढावर वाकला तो वाकलाच.

पुढे संशोधनासाठी मी बंगळूरला गेले. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माळावर गेले, तेव्हा मामा पळत नव्हते. मामींच्या पावलाशी पाऊल जुळवून चालत होते आणि तो प्रश्न फक्त त्यांनाच विचारत होते.

"काल काय जेवलीस?"

"तुम्ही... केलेली... खिचडी."

असे तुटक उत्तर आले की लगेच मामा थांबत आणि बुटात नसलेला खडा बराच वेळ शोधत. मामींचा श्वास जागेवर आला की तो सापडे.

तिसऱ्या दगडावर मामींनी हात टेकला. "आज लौकरच आला की हो."

"तुझा वेग वाढलाय," मामा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही.

दोघे माघारी वळून दिसेनासे झाल्यावर मी सायकल पुन्हा दुसऱ्या दगडापाशी नेली आणि तिथून चढ मोजत आले. चारशे दहा मीटर.