धुतलेल्या काचपट्ट्या

आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी फुटली तर तुकडे स्टोअरमध्ये नेऊन दाखवावे लागत. तुकडे दाखवल्याशिवाय नवी मिळत नसे. राज्य नवे होते, दवाखान्याच्या पाटीवरचा रंग नवा होता, सामान मात्र जुनेच होते. रक्त, थुंकी, मलेरिया, सगळ्यासाठी त्याच काचपट्ट्या. तपासून झाल्या की त्या सोड्याच्या पाण्यात पडत आणि शनिवारी आयाबाई त्या धुऊन, पुसून, मोजून परत करी.

माझी बायको त्या दवाखान्यात डॉक्टर होती. नागपूरला एम.डी. होऊन ती सरकारी नोकरीत आली आणि घाटाखालच्या या गावी नेमली गेली. मी नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. ती रोग्यांबद्दल घरी फार बोलत नसे. मुंबईच्या एका रुग्णालयात रक्ताचे विकार आणि कॅन्सर यांचे प्रशिक्षण डॉक्टरांना मिळू लागल्याचे तिला कळले, तेव्हापासून मात्र ती एकाच गोष्टीबद्दल बोलू लागली. जिल्ह्यातून येणाऱ्या उमेदवाराने स्वतः तपासलेल्या रोग्याच्या, स्वतःच्या हाताने केलेल्या काचपट्ट्या मुलाखतीला आणाव्यात, अशी तिथल्या प्रमुखांची अट होती.

तसा रोगी तिच्याकडे होता. जवळच्या वरवट बकाल गावचा वांगी-मिरची लावणारा माणूस, पस्तिशीच्या आसपासचा. हिरड्यांतून रक्त येई, ताप उतरत नसे, अंगावर निळे डाग. लोहाच्या गोळ्या आणि लिव्हरची इंजेक्शने घेऊन झाली होती. एका मोठ्या दवाखान्याने त्याला तपासून, घरी न्या, एवढेच सांगितले होते. बायकोला रक्ताच्या कॅन्सरची शंका होती. खात्रीसाठी छातीच्या हाडात सुई घालून आतला मगज काढायला हवा होता. तिने त्याला सगळे समजावून सांगितले. तो ऐकून घेऊन म्हणाला, "छातीत विहीर खंदून राह्यले का बाई? खंदा. पानी लागलं तं सांगजा."

सुई तिने नागपूरच्या एका वर्गमित्राकडून आणली. मगज काचपट्ट्यांवर पसरला, रंग दिला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्या दिवशी ती घरी आली ती शांत होती. शंका खरी होती. रोग्यासाठी ही वाईट बातमी, आणि काचपट्ट्या अगदी नमुनेदार. या दोन्ही गोष्टी तिने मला एकाच सुरात सांगितल्या. मुलाखतीपर्यंत थांबणे शक्य नव्हते, म्हणून तिने त्याला स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. काचपट्ट्या लाकडी खोक्यात ठेवून खोके कपाटावर ठेवले.

शनिवारी आयाबाईने कपाट पुसले. खोके उघडले, त्यात काचपट्ट्या दिसल्या. त्या तिने धुतल्या.

बायकोने विचारले तेव्हा आयाबाई घाबरली नाही, उलट थोडी कुरकुरलीच. "लई घट्ट डाग व्हते बाई. राखुंडीनं घासले तवा निंघाले." काचा खरोखर लख्ख होत्या. बायको स्टोअरकीपरकडे गेली. त्याने साठा बरोबर भरला असे सांगितले. ती मुख्य डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले की काचपट्ट्या अडकवून ठेवायच्या होत्या तर लेखी मागायला हव्या होत्या, आणि आयाबाईने तिचे काम केले आहे. यातले एकही वाक्य चुकीचे नव्हते, आणि तिला त्याचाच अधिक संताप आला.

पुढच्या आठवड्यात आम्ही एस.टी.ने वरवटला गेलो. मी बरोबर गेलो, कारण डॉक्टर एकटीच घरी आली तर रोग्याचे आता काही खरे नाही असा गावाचा समज झाला असता; नवरा बरोबर असला की ती नुसती भेट ठरते. तो वाफ्याला पाणी देत होता. हिरड्यांतले रक्त थांबले होते, ताप उतरला होता. सुई चांगली लागू पडली, असे त्याने आल्याआल्या सांगितले. बायकोने त्याला स्पष्ट सांगितले की सुई हे औषध नव्हे, गुण गोळ्यांचा आहे, आणि तोही किती दिवस टिकेल सांगता येत नाही. मग काचपट्ट्यांचे सांगितले. तो हसला, बराच वेळ हसला. त्याच्या बायकोने त्याला दटावले.

"मंग काहाडा अजून," तो म्हणाला. "छाती का घरी ठेवून आलो का मी?"

तो दवाखान्यात आला आणि तिने पुन्हा मगज काढला. पण गोळ्यांनी आपले काम केले होते. काचपट्टीवर रोगाच्या पेशी विरळ झाल्या होत्या. रोग्याच्या दृष्टीने हे चांगले होते. उमेदवाराच्या दृष्टीने पुरावा गेला होता. त्याच काचपट्ट्या जपून घेऊन आम्ही शेगावला मुंबईची गाडी पकडली.

मुलाखतीच्या खोलीत मी नव्हतो. पुढचे तिने परतीच्या गाडीत सांगितले तसे लिहितो. प्रमुखांनी काचपट्टी बराच वेळ पाहिली. मगज छान पसरला आहे, असे म्हणाले. पण एवढ्यावरून रोगाचे काही सांगता येणार नाही, असे म्हणून विचारले की औषध आधी दिले होते का, आणि औषधाआधीच्या काचपट्ट्या कुठे आहेत. तिने घडले ते सांगितले. समितीतले एकजण हसले. प्रमुख हसले नाहीत. त्यांनी विचारले, तुमच्याकडे रक्ताची प्रयोगशाळा आहे का? तिने नाही म्हणून सांगितले. ज्यांच्या दवाखान्यात प्रयोगशाळा आहे त्यांनाच जागा देतो, नाहीतर शिकलेले वाया जाते, असे ते म्हणाले. प्रयोगशाळा मागायला गेले तर खाते प्रशिक्षित डॉक्टर कोण आहे ते विचारते, असे तिने सांगितले. त्यावर त्यांनी तिच्याकडे सहानुभूतीने पाहिले आणि पुढच्या उमेदवाराला बोलावले.

मी यावर बातमी लिहून पाठवली. काचपट्ट्या धुतल्याची बातमी होत नाही, असा निरोप आला. संपादकीय निर्णय म्हणून तो योग्य होता.

महिना झाला नसेल तोच वरवटहून निरोप आला. आम्ही गेलो तेव्हा तो मळ्यातल्या बाजेवर पडून होता. हिरड्यांतून पुन्हा रक्त येत होते. बायकोने त्याला तपासले, गोळ्या वाढवल्या. मग त्याने विचारले, "काय म्हनले मंग मुंबईचे सायेब?"

त्या काचपट्टीवरून काही सांगता येणार नाही असे ते म्हणाले, तिने सांगितले. आपल्याला शिकायला घेतले नाही, हेही सांगितले.

तो म्हणाला, "म्हंजे तुमाले बी घरीच पाठोलं."

"हो."

"काऊन? गोळ्यांमुयं?"

ती पिशवी आवरू लागली. त्याने उशाखालची गोळ्यांची पुडी काढली आणि तिच्यापुढे धरली. "मंग ह्या बंद करतो मी. अजून सुई घाला. पुढच्या साली जासान तवा तं बरोबर येईन ना ते?"

माझी बायको दवाखान्यात कधी कोणावर ओरडली नव्हती. स्टोअरकीपरवर नाही, मुख्य डॉक्टरांवर नाही, आयाबाईवर नाही. त्या दिवशी ती त्याच्यावर ओरडली. गोळी एकही चुकवायची नाही, कोणासाठी नाही, कळले का, असे ती म्हणाली, आणि तिचा आवाज बांधापलीकडच्या मळ्यापर्यंत गेला असावा, कारण तिकडची कामात वाकलेली माणसे उभी राहून पाहू लागली. तो दबून, हाव बाई, म्हणाला. तिने पुडी त्याच्या हातातून घेतली आणि त्याच्या बायकोच्या हातात दिली.

सुई तिच्या पिशवीत होती. ती तिने बाहेर काढली नाही.