पोटाखाली दिवे

विकणारी बाईच गिऱ्हाइकापेक्षा जास्त संशयी असेल, तर तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही?

जुन्नरच्या बाजारात सुकी मासळी विकणारी चाची तशी होती. नवं पोतं आलं की आधी सगळ्यांसमोर ताडपत्रीवर पालथं करायची, वाकून हुंगायची आणि म्हणायची, “आधी माझा शक जाऊ दे, मग तुमी घ्या.” गिऱ्हाइकांच्या हक्कांची पत्रकं वाटणाऱ्या माझ्यावरही तिचा शक होता. “फुकट देतोस म्हंजे काहीतरी विकतोसच.”

एका रविवारी मांदेलीच्या पोत्यातून भलतेच मासे पडले. बोटाएवढे, काळपट, डोळे डोक्यात न मावणारे. पोटाखाली मोत्यांसारख्या ठिपक्यांची रांग.

पिंपरी पेंढारच्या एका टोमॅटोवाल्याने ठिपका नखाने खरवडला. “औषध मारलंय, चाची. थेंब वाळले की असेच डाग पडत्यात.”

“तुला रं कसं ठावं?”

“आमी काय फवारत न्हाई व्हय?”

लोक हसले आणि हसता हसता पिशव्या मिटून घेतल्या. पोतं उघडं करायची तिची रीतच तिच्यावर उलटली होती.

मी फोटो काढून समुद्रजीव शिकणाऱ्या मैत्रिणीला पाठवला. तिचा फोन आला, तो सगळ्यांना ऐकवला. हा कंदीलमासा. समुद्रात इतका खोल राहतो की तिथं भरदुपारीही संधिप्रकाशच पोचतो. रात्री चरायला वर येतो. उजेडाचा कण वाया जाऊ नये म्हणून डोळे मोठे. ठिपके हे त्याचे दिवे. वरून झिरपणाऱ्या उजेडाइतकेच ते मंद पेटतात आणि खालच्या शिकाऱ्याला त्याची सावली दिसतच नाही.

“उजेड करून लपतो?” चाची म्हणाली. “असली माणसं लई बघितली.”

औषध नाही म्हटल्यावर टोमॅटोवाल्याने पिशवी उघडली. पण मांदेलीच्या पोत्यात हा मासा आला कसा, हा चाचीचा शक बाकी होता; तिने मासळी दिली नाही. व्यापाऱ्याला फोन लावला.

“अहो भाभी, ते कोंबडीखाद्याच्या कारखान्याचं पोतं, चुकून आलं. टाका मिसळून. कोण बघतंय?”

“मी बघते ना.”

“मग पुढचा माल दुसरीकडून घ्या.”

“घेईन. हे पोतं न्यायला गाडी पाठव.”

दुसरीकडून माल मिळालाच नाही. सगळ्या बाजाराला पुरवणारा तोच एक. उरलंसुरलं संपलं, तसं चाचीचं येणं थांबलं. आता त्या जागी चकचकीत बंद पाकिटं टांगलेली असतात. चाची घरी गोधड्या शिवते. मी गेलो की विचारते, “काय विकत्यात तिथं?” मला सांगता येत नाही. आंबेगावच्या शेडमधल्या कोंबड्या काय खातात, तेही सांगता येत नाही. ज्या माशाला आपल्या गावात अजून नाव नाही, त्याचा भुगा कोंबडीतून आपल्या ताटापर्यंत येत असेल, तर तो कोणाला विचारून?

येत्या रविवारी पाकीट हातात घ्या आणि विकणाऱ्याला मोठ्याने विचारा, आत कुठला मासा आहे, कुठून आला. कोंबड्यांचं खाद्य घेणाऱ्यांनो, तुम्हीही विचारा. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.