कुठले गोरे?

"पण ते गोरे आपलेच, हे सांगितलं कुणी तुम्हाला?" सुनंदाबाईंनी भुईगावच्या भाजीवालीकडून घेतलेली मेथी ताटात आदळली.

"इंटरनेटवर आपल्या आडनावाची अख्खी वंशावळ आहे," श्रीधरराव म्हणाले.

"तिथेच काल 'गोरे' लिहिलंत, तर गोरं व्हायची क्रीमं आली. तीही भाऊबंदांचीच का?"

नव्या सुनेनं, अश्लेषानं, हसू दाबलं.

तिची पहिली ओटी कोणत्या देवीची भरायची, यावरून लग्नापासून वसईच्या त्या फ्लॅटमध्ये धुसफूस होती. श्रीधररावांना संगणकात सापडलेली देशावरची देवी हवी होती. तिला मानणारे गोरे सरदार होते. राजापूरकडची वाघजाई त्यांना आता गावंढळ वाटे. पण वर्षानुवर्षं तिच्याकडे जात होत्या त्या सुनंदाबाईच. श्रीधररावांना कधी रजा मिळाली नाही. त्यांच्या आईनंही देवीचं सगळं शिकवलं ते सुनेला, सुनंदाबाईंना.

"अहो, एसटीतून उतरल्यावर वाघजाईच्या देवळाकडे कुठून वळायचं, ते तरी सांगा."

श्रीधरराव मुलाकडे, जितेशकडे बघू लागले.

"त्याला काय विचारता? तोही माझ्याच कडेवर बसून गेलाय."

त्या उठल्या. "शनिवारी मी अश्लेषाला घेऊन वाघजाईला जातेय. जितेश, तूही चलायचंस. यांनी आपल्या जेवणाचं आपण बघावं."