गुरुवारचा कोबा

आमच्या घरात आठवड्याला दोन वेगवेगळ्या सुट्ट्या येतात आणि त्या एकमेकींचं तोंड पाहत नाहीत. सुजित आणि मी आयटीतले, त्यामुळे आमची सुट्टी शनिवार-रविवारची. माझे सासरे रंगराव, म्हणजे आमचे अण्णा, भोसरीच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये टूलरूम फिटर आहेत आणि भोसरीची सुट्टी गुरुवारी. लग्न ठरताना आमच्याकडे निरोप आला होता की मुलाचे वडील फक्त गुरुवारी भेटू शकतील. माझी आई भाविक. तिला वाटलं घराणं दत्तभक्त असणार, म्हणून तिनं त्या दिवशी उपवासाचं केलं. अण्णांनी साबुदाण्याची खिचडी निमूट खाल्ली आणि दुसऱ्या वाढपाच्या वेळी हळूच विचारलं, पोळी आहे का.

तर घरातली सगळी दुरुस्ती गुरुवारी होते, म्हणजे आम्ही घरात नसताना. सकाळी ऑफिसला निघताना न्हाणीघराला दार असतं, संध्याकाळी ते पुढच्या अंगणात आडवं पडलेलं असतं. त्यात कोपऱ्यावरचं दौलतरावांचं हार्डवेअरचं दुकानही गुरुवारीच बंद, कारण त्यांची गिऱ्हाइकं सगळी वर्कशॉपवाली. त्यामुळे अण्णांचं काम दुपारच्या सुमाराला एखाद्या स्क्रूपायी अडतं आणि पुढच्या गुरुवारवर जातं. एकदा पूर्ण आठवडा आम्ही स्वयंपाकघरातला नळ चिंधी बांधून वापरला. मी चिडले तर म्हणाले, "गवंडी-प्लंबर डोळ्याच्या अंदाजानं काम करतात, दिव्या. अंदाज म्हंजे चूकच की."

अंदाज हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो, याला कारण त्यांचं काम. लोखंडाचे दोन भाग एकमेकांवर तंतोतंत बसवायचे. एकाला निळा रंग लावायचा, दुसऱ्यावर टेकवायचा, उचलायचा आणि ठसा कुठं कुठं उमटलाय ते वाकून बघायचं. ठसा सगळीकडे सारखा आला तर काम बसलं, नाहीतर पुन्हा घासायचं. सारी हयात त्यांनी हेच केलं. आमच्या तळवड्याच्या घरातली प्रत्येक फ्रेम, प्रत्येक कॅलेंडर सपाटी दाखवणारी बुडबुड्याची स्पिरिट लेव्हल लावून टांगलेलं आहे. पाहुणे कौतुक करतात. त्यांना इथं राहायचं नसतं.

घराच्या मागच्या बाजूला मात्र आईंचं राज्य. आई म्हणजे माझ्या सासूबाई, सावित्रीबाई. मागे एक लांबोळकी मोकळी जागा आहे. अर्ध्या भागात शहाबादी फरशी, नळ आणि धुण्याचा दगड, उरलेल्या अर्ध्यात माती. त्या मातीत कढीपत्ता, मिरच्या, अळू आणि बारा महिने कोथिंबीर. लातूरकडून इकडे आल्यावर भोसरीतल्या भाड्याच्या खोल्यांत त्यांनी तेलाच्या डब्यांतून कोथिंबीर लावली होती. ही त्यांच्या हक्काची पहिली माती.

पण शहाबादी जुनी, खालीवर झालेली, कडेनं शेवाळलेली. गेल्या दिवाळीच्या आधी त्या तिथंच घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण आधीच कुरकुरणारे गुडघे पार गेले आणि दोन्ही बदलावे लागले. ऑपरेशन छान झालं. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगीसुद्धा खूश होती. आई वॉकर घेऊन पलंगापासून देवघरापर्यंत जायच्या, तिथून मागच्या दारापर्यंत जायच्या, उंबऱ्याशी थांबायच्या आणि परत फिरायच्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की चालणं वाढवलं नाही तर नवे गुडघेही आखडतील. आई म्हणायच्या, "मला का झालंय? बसून बरी हाव मी."

ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही, ती बसून बरी आहे म्हणत होती. मला तर भीतीच वाटली. मागे मिरच्या वाळत चालल्या होत्या आणि अण्णा रोज संध्याकाळी त्या वाळक्या मिरच्यांकडे बघत उभे राहायचे. मग एका गुरुवारी मी घरी आले तर शहाबादी उखडून भिंतीशी रचलेली होती.

पुढचे कितीतरी गुरुवार घरात धूळ होती. चहात धूळ, उशीवर धूळ. वॉशिंग मशीनचा पाइप काढून ठेवल्यामुळे आमचे कपडे दर शनिवारी सुजितच्या मित्राकडे धुवायला जात होते. सुजित एकदा म्हणाला, "अण्णा, माणूस लावू या ना, दोन दिवसांत होईल." अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो राडारोड्याची पाटी उचलायला लागला.

अधूनमधून बागही चालू होती. मिरचीची रोपं शेजारच्या शालनमावशींनी दिली. त्या इथल्या जुन्या घरातल्या, दारात अजून दोन म्हशी, त्यामुळे शेणखतही त्यांचंच. अण्णांनी दोरी ताणून, स्टीलची पट्टी लावून रोपं लावली. मावशींनी भिंतीवरून वाकून पाहिलं.

"रंगरावभाऊ, मिरच्या कवायतीला उभ्या केल्या व्हय?"

"सरळ लावलं तर सरळ येतंय, मावशी."

"त्यांला न्हाई तुमची पट्टी कळत," मावशी म्हणाल्या.

आणि खरोखर आठवड्याभरात एक रोप डावीकडे कललं, एक उजवीकडे. अण्णांनी त्यांना काड्या बांधल्या.

अखेर नवी फरशी पूर्ण झाली. दाखवायचा कार्यक्रम मुद्दाम रविवारी ठेवला, आम्ही सगळे असू म्हणून. अण्णा स्वच्छ शर्ट घालून आले. स्पिरिट लेव्हल फरशीवर आडवी ठेवली, उभी ठेवली, तिरकी ठेवली. जिथं ठेवाल तिथं बुडबुडा बरोबर मध्यात. ती फरशी बघून मी धूळबीळ सगळं विसरले, खोटं कशाला बोलू. "आता कुठंबी खालीवर न्हाई," ते आईंना म्हणाले. "चल. मी हात धरतो."

आई उंबऱ्याशी आल्या. वॉकर पुढे टेकवला. एक पाय उचलला. मग म्हणाल्या, "एक बादली पाणी टाक गं दिव्या."

मी टाकलं. पाणी चादरीसारखं पसरलं आणि तिथंच थांबलं. इकडे नाही, तिकडे नाही. नळाखाली पाणी, दाराशी पाणी, मधोमध पाणी, आणि त्या गुळगुळीत पाण्यात आमची सगळ्यांची तोंडं दिसत होती. "पाणी कुठं जायलंय?" आईंनी विचारलं. अण्णांनी आयुष्यात जे जे केलं ते लेव्हलच्या शून्यावर आणलं होतं आणि धुण्याच्या जागेला उतार लागतो, ही साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात आलीच नव्हती. आईंनी उचललेला पाय आत घेतला आणि त्या पलंगावर जाऊन बसल्या. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाचच सुजितवर ओरडले.

त्यानंतर अण्णा रोज शिफ्टला जाण्याआधी उठून वायपरनं पाणी लोटायचे. तरी कोपऱ्यात शेवाळ धरलंच. डास झाले. सुजितनं पुन्हा माणूस लावायचं काढलं. अण्णा म्हणाले, "बघू." आई आता मागच्या दाराकडे येईनाशाच झाल्या. जेवणाचं ताटही पलंगावर मागायला लागल्या.

एका गुरुवारी मी घरून काम करत होते. मीटिंग चालू होती आणि मागून आवाज आला. मला वाटलं अण्णांचं पुन्हा काहीतरी सुरू झालं. बघायला गेले तर मागच्या दारात खुर्ची टाकून आई बसलेल्या, हातात पाण्याचा तांब्या, शेजारी भरलेली बादली. बाहेर अण्णा उकिडवे, हातात खिळा. आपण लावलेली फरशी त्यांनी आपल्याच हातानं निम्मी फोडली होती आणि खाली खडी-सिमेंटचा कच्चा थर टाकला होता.

आई लग्नाआधी वडलांच्या उसाला पाणी द्यायच्या. खोऱ्यानं दारं धरून या सरीतलं पाणी त्या सरीत वळवायचं, हे त्यांचं रोजचं काम होतं. एवढ्या वर्षांत ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं. अण्णांनी त्या सकाळी विचारलं. कोणत्या शब्दांत विचारलं ते मला माहीत नाही, पण त्यांच्यासाठी ते फरशी फोडण्यापेक्षा अवघड गेलं असणार.

"आता बघा," म्हणून आईंनी तांब्यातलं पाणी फेकलं. पाणी जिथं अडलं तिथं अण्णांनी खिळ्यानं गोल काढला. "हितं थोडं उचला. तिकडं दाबा. कढीपत्त्याकडं जाऊ द्या त्याला, त्याचंबी पोट भरंल."

"किती दाबू?"

"किती म्हंजे? पाणी पळू नये न् थांबूबी नये, इतकं."

अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. हे माप त्यांच्या कुठल्याच पेटीत नव्हतं. ते थापी घेऊन बसले, पण हात आपोआप सपाट करायला जायचा, मग आई ओरडायच्या. शेवटी ते उठले आणि लाकडाची एक लांब पाचर तासून आणली, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. ती त्यांनी स्पिरिट लेव्हलच्या खाली बांधली. आता आईंना हवा तेवढा उतार पडला की बुडबुडा बरोबर मध्यात यायचा. दोघांचंही समाधान झालं. मी मीटिंगमध्ये परत गेले तेव्हा कुणीतरी विचारलं, तू हसतेस कशाला.

पुढच्या गुरुवारी वरचा सिमेंटचा कोबा झाला. ओला असतानाच अण्णांनी त्यावर खराटा फिरवला, पायाला पकड यावी म्हणून. धरून चालायला भिंतीला पाइप बसवला. त्याची उंची मात्र पट्टीनं घेतली नाही. आईंना दारात उभं केलं, "हात सहज सोड," म्हणाले, आणि मनगट जिथं आलं तिथं खूण केली. आईंनी खूण करू दिली, पण बाहेर पाऊल टाकलं नाही. "वाळू द्या आधी," एवढंच म्हणाल्या. वाळल्यावर दुसरं काहीतरी कारण निघणार, हे मला दिसत होतं. अण्णांनाही दिसत असणार.

उन्हाळा तोंडावर आला होता. कोबा उन्हानं तडकू नये म्हणून त्यावर ओली गोणपाटं पसरली होती आणि ती सारखी भिजती ठेवायची होती. पहाटे अण्णा पाणी मारायचे, रात्री मी. दुपारचं काम शालनमावशींनी घेतलं होतं. "आमी हाय की, काळजी करू नका," असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, आणि मंगळवारी त्या भाचीच्या साखरपुड्याला पुनावळ्याला निघून गेल्या. आम्हाला सांगायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.

त्या दिवशी अण्णांचा ओव्हरटाइम होता, त्यामुळे ते आणि मी साधारण एकदमच घरी पोचलो. मावशींच्या दाराला कुलूप दिसलं आणि अण्णांचा चेहरा उतरला. चप्पल काढता काढता ते सरळ मागे निघाले. आई पलंगावर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मागची सगळी गोणपाटं ओलीचिंब होती. अगदी पलीकडच्या कोपऱ्यातलं सुद्धा, जिथं दारातून फेकलेलं पाणी पोचत नाही. पाणी हळूहळू उतरून कढीपत्त्याच्या आळ्यात जिरत होतं. मिरच्यांच्या काड्या कुणीतरी काढून टाकल्या होत्या आणि रोपं आपापल्या बाजूला कलून मजेत उभी होती. वॉकर आत, दाराच्या मागे होता.

"कोण मारलं पाणी?" अण्णांनी तिथूनच विचारलं.

"तडकला आसता की तुमचा कोबा," आई आतून म्हणाल्या. "दुपारी गोणपाट पांढरं पडलं. वाट बघितली शालनबाईची. मग किती बघावी? आत्ता पुन्यांदा मारून आले."

अण्णा परत फिरले आणि मागच्या दाराशीच थांबले. स्वयंपाकघराच्या फरशीवर, दारापासून पलंगाच्या खोलीपर्यंत, ओल्या पावलांचे ठसे होते, मागे जाताना घाईत लक्षात न आलेले. ऑपरेशनच्या आधी आईंचा उजवा पाय नुसता बोटांवर टेकायचा, टाच उमटायचीच नाही. अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. वर्कशॉपमध्ये निळा ठसा बघायला ते असेच वाकत असणार. एक ठसा पाहिला, पुढचा पाहिला, त्याच्या पुढचा पाहिला. डावा, उजवा, डावा, उजवा. टाच, चवडा, पाचही बोटं.

मला चहा ठेवायचा होता. मी ओट्याकडे निघाले.

"दिव्या, तिकडून जा," अण्णा म्हणाले.

"अण्णा, आत्ता वाळतील ते."

"वाळू दे. तू तिकडून जा."

मी भिंतीच्या कडेकडेनं गेले आणि तिघांचा चहा ठेवला.