दरवानाची एक हाक

मंठ्याहून दोन्ही लेकरांना घेऊन जालन्याला कार्टूनचा सिनेमा बघायला गेलो. लेक पहिलीत, पोरगा तिच्याहून लहान, दोघांचाही हा पहिलाच सिनेमा. दारावरच्या माणसानं आमचा चिवड्याचा डबा अडवला. बाहेरचं खाणं आत चालत नाही, म्हणाला.

हातगाडीवर कापड विकत मी दुकान उभं केलं. ठोक माल घेताना माझी एकच रीत असते. समोरचा ऐकत नसला की पाठ फिरवून चालू लागायचं, कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर मागून हाक येतेच. तसाच मी ओरडलो, "ठेव तुझा सिनेमा तुझ्यापाशी!" आणि दोघांना घेऊन जिन्याकडे निघालो.

हाक आली नाही. मी चाल हळू केली. आत सिनेमा सुरू झाल्याचा आवाज आला, तसा धाकटा रडायला लागला.

लेक माझ्यासोबत बाजारात फिरलेली, तिला ही रीत पाठ होती. मागं बघून ती म्हणाली, "बाबा, तो तर आपल्याकडं बघून बी न्हाई राह्यला."

"थांब, बोलावतो तो."

"न्हाई बोलावत. त्याचं दुकान थोडंच हाय हे?"

तिनं माझ्या हातातला डबा घेतला, पळत जाऊन त्याला दिला. "काका, संभाळून ठेवा. जाताना घेऊन जाऊ."

तो हसला आणि त्यानं दार उघडलं.

आत पडद्यावर अस्वल नाचत होतं. लेकरं खिदळत होती, मी मात्र धुसफुसत होतो. एक हाक मारायला त्याचं काय जात होतं, हे मला अजून कळलेलं नाही.