फॉर्मवर फक्त ‘एक्झिमा’ होतं

नामंजुरीचा मेल आला तेव्हा कौसल्याबाईंना ॲडमिट करून तीन तास झाले होते. ताप होता, सलाईन चालू होतं. कारण एका ओळीत दिलं होतं: त्वचाविकार, ॲडमिशनची गरज दिसत नाही.

मी हिंगोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात इन्शुरन्स डेस्क सांभाळते. आधी अठरा वर्षं वॉर्डात नर्स होते, म्हणून सगळे अजून सिस्टरच म्हणतात. पेशंट ॲडमिट झाला की कंपनीला प्री-ऑथ पाठवायचं, म्हणजे उपचाराला आधी मंजुरी मागायची, हे माझं काम.

कौसल्याबाईंचा मुलगा गजानन डेस्कजवळ आला. कुरुंद्याला त्यांची हळदीची शेती.

“सिस्टर, काहून रिजेक्ट केलं? हप्ते तर बराबर भरून राहिलो आमी.”

मी कंपनीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, फॉर्मवर एक्झिमा लिहिलंय. एक्झिमाला मलम पुरतं.”

त्यांचं चुकत नव्हतं. निदानाच्या रकान्यात आमच्या ज्युनिअर डॉक्टरांनी ‘एक्झिमा, डावी बाजू’ एवढंच लिहिलं होतं. डावी बाजू कशाची, हे फॉर्म पाठवताना मीही विचारलं नव्हतं.

वॉर्डात जाऊन पडदा ओढला.

“ताई, चट्टा नेमका कुठं आहे?”

त्या भिंतीकडं बघत म्हणाल्या, “छातीवर.”

“डॉक्टरांना पूर्ण दाखवला?”

“न्हाई. गडी माणूस हाय ना तो. पदर जरासा सरकवला, कड दिसली तेवढीच.”

चट्टा स्तनाग्रावर होता. लाल, ओलसर, सोललेला. आणि फक्त डावीकडं. आठ महिने झाले होते. हळद शिजवताना वाफ लागली असेल, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. सुरुवातीलाच वसमतच्या एका दवाखान्यातून, न दाखवताच, मलम लिहून आणलं होतं.

असा चट्टा मी वॉर्डात असताना एकदा पाहिला होता. पण निदान करणं माझं काम नाही. मी सर्जन मॅडमना बोलावून आणलं. त्यांनी नीट तपासलं. ताप उतरल्यावर चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवला.

रिपोर्ट आला: पॅजेट्स डिसीज. स्तनाच्या कर्करोगाचाच हा एक प्रकार, वरून साध्या एक्झिमासारखा दिसणारा.

मॅडमनी समजावून सांगितलं. कौसल्याबाई मला म्हणाल्या, “आधी दाखवलं असतं तर?”

“आता दाखवलंत ना,” मी म्हणाले.

मी पॉलिसी काढून वाचली. स्तनातल्या साध्या गाठींना तिच्यात पहिली दोन वर्षं कव्हर नव्हतं. कर्करोगाला मात्र सुरुवातीचा एक महिनाच वगळलेला. पॉलिसी सव्वा वर्षाची होती.

ऑपरेशनसाठी नवीन प्री-ऑथ भरताना गजानन हळूच म्हणाला, “सिस्टर, आठ महिने नका लिहू. दोन लिहा. एकजण म्हणला, जुनं दुखणं दिसलं की कंपनी देत न्हाई.”

“पॉलिसी दुखण्याच्या आधीची आहे, गजानन. खरं लिहिलं तर ते तुमच्याच बाजूचं आहे. दोन महिने लिहिलं आणि वसमतची चिठ्ठी त्यांच्या हाती लागली, तर सगळंच जाईल.”

त्यानं पिशवीतून वसमतची चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली. “व्हय. लिहा मग बराबर.”

कंपनीनं एक क्वेरी काढलीच: त्रास कधीपासून? मी वसमतची तारखेची चिठ्ठी जोडली. दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. पहिल्या, तापाच्या ॲडमिशनचे पैसे मात्र त्यांनी शेवटपर्यंत दिले नाहीत.

ऑपरेशन झालं. स्तन काढावा लागला. आजार काखेतल्या गाठींपर्यंत पोचला नव्हता. कौसल्याबाई आता तपासणीला येतात, सोबत शेजारच्या एखाद्या बाईला आणतात आणि तिलाही मॅडमकडं बसवतात.

कंपनीचा डॉक्टर पेशंट बघत नाही, कागद बघतो. आम्ही कागदावर जे लिहीत नाही, ते त्याच्यासाठी नसतंच.